हमीतलं रिव्हॉल्व्हर 'तपासले, ठीक आहे' असा शेरा घेऊन परत आलं, आता काय?

प्रश्न थोडक्यात असा. सांगली जिल्ह्यातल्या एका बागायतदारांनी स्वसंरक्षणाच्या परवान्यावर .32 बोअरचं नवं कोरं रिव्हॉल्व्हर घेतलं. पहिल्यांदा नेमबाजीच्या रेंजवर नेलं तेव्हाच सहातल्या एक-दोन गोळ्या उडेनात. घोडा, म्हणजे मागचा आपटणारा हातोडा, पडतो, टक् आवाज येतो आणि पुढे काही नाही. दुकानदारामार्फत कारखान्यात पाठवलं, दीड-दोन महिने तिकडे पडून राहिलं आणि 'तपासले, ठीक आहे' एवढ्या चिठ्ठीसह परत आलं. दोष जिथल्या तिथे. आता गावाकडचा एक मिस्त्री म्हणतो, 'स्प्रिंग कडक करून देतो, अर्ध्या तासाचं काम.' दुकानदार हात वर करतोय. तर मिस्त्रीकडून करून घ्यावं, पुन्हा कारखान्यात पाठवावं, ग्राहक आयोगात जावं की सरळ विकून टाकावं?

कंपनीचं नाव तुम्ही लिहिलंय, मी ते इथे घेत नाही. शस्त्रदुरुस्तीच्या धंद्यात माझं आयुष्य गेलं आणि ही तक्रार एका कंपनीपुरती नाही.

मिस्त्रीचं आधी निकालात काढू. त्याच्याकडे दुरुस्तीचा परवाना आहे का? नसेल तर शस्त्र अधिनियम, 1959 च्या कलम 5 प्रमाणे त्याला तुमच्या रिव्हॉल्व्हरचा स्क्रूही फिरवता येत नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना दुरुस्तीची शिक्षा सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत गेली आहे, आणि चौकशी सुरू झाली की शस्त्र कुणी दिलं हा प्रश्न तुमच्या दारात येतो. बरं, परवाना आहे असं धरलं तरी हमीच्या काळात बाहेरच्या माणसाने आतल्या भागाला कानस लावली की कारखाना मोकळा. स्प्रिंगखाली पत्र्याची चकती घालून ताण वाढवायची युक्ती जुनीच आहे. तिने गोळी उडायला लागतेही, पण चाप जड होतो, नेम जातो आणि मूळ दोष आत तसाच राहतो. सहा महिन्यांनी तो पुन्हा वर येतो तेव्हा हमी संपलेली असते.

आता मुद्द्याचं. शस्त्र 'ठीक आहे' म्हणून परत येतं त्यामागे कायम लबाडीच असते असं नाही. तुमच्या तक्रारीत बहुतेक एवढंच लिहिलेलं असतं: 'गोळी उडत नाही.' तपासणारा माणूस बाकावर बसतो, आपल्याकडची ताजी काडतुसं भरतो, घोडा अंगठ्याने मागे चढवून सहा गोळ्या झाडतो. सहाही उडतात. तो शेरा मारतो. त्याच्यापुरतं ते खरं असतं.

घोडा अंगठ्याने पूर्ण मागे चढवला की तो लांबून येऊन आदळतो. थेट चाप ओढून गोळी झाडली तर बऱ्याच रिव्हॉल्व्हरमध्ये घोडा तेवढा मागे जातच नाही, थोडा अलीकडूनच सुटतो आणि मार हलका बसतो. स्प्रिंग किंचित मऊ असेल किंवा काडतुसावर आदळणारी पिन जराशी आखूड असेल तर दोष फक्त चाप ओढून झाडताना दिसतो. तुम्ही रेंजवर कसे झाडत होतात हे तक्रारीत लिहिलंय का? मला खात्री आहे, नाही.

म्हणून दुसऱ्यांदा पाठवण्याआधी रेंजवर एक सकाळ घालवा. रेंजवरच, शेतात बांधाला तोंड करून नाही. बेफिकीर गोळीबाराने दुसऱ्याचा जीव धोक्यात घातला तर दोन वर्षांपर्यंत कैद, लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही अशी तरतूद 2019 पासून कायद्यात आहे, आणि शेजारच्या शेतकऱ्याने तक्रार केली तर 'हमीची चाचणी घेत होतो' हे कुणी ऐकत नाही. जिल्हा रायफल असोसिएशनकडे चौकशी करा, सेंटर-फायरची, म्हणजे तळाच्या मधोमध टोपी असलेल्या तुमच्यासारख्या काडतुसांची, सोय कुठे आहे ते तेच सांगतील.

जाताना पक्क्या शाईचा मार्कर न्या. सिलिंडरमध्ये काडतुसं बसतात त्या सहा घरांच्या बाहेरच्या बाजूला 1 ते 6 आकडे घाला. नंतर स्पिरिटने पुसता येतात. ओरखडा मात्र काढू नका, खिळ्याने तर नाहीच. वहीत प्रत्येक गोळीचं लिहा: कुठलं घर, घोडा चढवून की चाप ओढून, उडाली की नाही, काडतूस कुठल्या डब्यातलं. दोन वेगवेगळ्या लॉटची काडतुसं वापरा, डब्यांवरचा लॉट क्रमांक उतरवून घ्या. आपल्याकडे लोक काडतुसं वर्षानुवर्षं लोखंडी कपाटात ठेवतात, पावसाळ्यात त्याच कपाटाच्या पाठीला भिंतीची ओल असते. त्यामुळे कारखान्याचा पहिला प्रश्न 'काडतूस कुठलं' हाच असणार. तो चुकीचाही नाही.

गोळी उडाली नाही तर लगेच दुसऱ्यांदा चाप ओढू नका. नळी निशाणाकडे ठेवून निदान तीस सेकंद थांबा. कधी कधी दारू उशिरा पेट घेते. रिव्हॉल्व्हरमध्ये याचा धोका वेगळा आहे: तुम्ही पुन्हा चाप ओढलात की सिलिंडर फिरतं, संशयित काडतूस नळीच्या रेषेतून बाजूला सरकतं, आणि तिथे ते उडालं तर गोळीला जायला नळीच नसते. आवाज नेहमीपेक्षा बारीक, फुसका आला तर तिथेच थांबा. गोळी नळीत अडकलेली असू शकते. नळी रिकामी आहे हे पाहिल्याशिवाय पुढची गोळी झाडायची नाही; ती पाहायची तेही शस्त्र पूर्ण रिकामं करून, मागच्या बाजूने.

न उडालेलं काडतूस हातात आलं की भिंग घ्या आणि टोपी बघा, म्हणजे मागचा तो गोल प्राइमर. उडालेल्या पुंगळीवर खड्डा खोल, गोल आणि मधोमध असतो. ती शेजारी ठेवूनच बघा, नुसत्या एका काडतुसावरून अंदाज येत नाही. न उडालेल्यावर तितकाच खोल खड्डा असेल तर संशय काडतुसावर. खड्डा उथळ असेल, टोपीवर नुसतं बोट टेकल्यासारखा, तर मार कमी बसतोय: स्प्रिंग, पिन, किंवा काडतूस घरात जास्त आत जाऊन बसतंय. खड्डा खोल पण एका कडेला सरकलेला असेल तर सिलिंडर नळीसमोर नीट येत नाही. तसं असेल तर आणखी एक खूण मिळते: सिलिंडर आणि नळी यांच्यामधल्या फटीजवळ, सांगाड्याच्या वरच्या पट्टीवर आणि नळीच्या तोंडाच्या एकाच बाजूला शिशाचा राखाडी, चकचकीत लेप. नखाने खरवडला तर पापुद्रा निघतो. गोळी कड घासत आत जातेय. ही खूण दिसली की चाचणी बंद, शस्त्र गुंडाळून घरी. फक्त न उडण्यापेक्षा हा दोष गंभीर आहे, शेजारी उभ्या माणसाच्या चेहऱ्यावर शिसं उडतं.

वहीतल्या नोंदी काय सांगतात? न उडालेली काडतुसं दर वेळी चार नंबरच्याच घरातली निघाली तर दोष त्या घरात आहे, स्प्रिंग बदलून काही होणार नाही. कुठल्याही घरात, पण फक्त चाप ओढताना, असं दिसलं तर मार हलका आहे. दोन्ही पद्धतींनी, सगळ्या घरांत, पण एकाच लॉटच्या काडतुसांना, तर रिव्हॉल्व्हर निर्दोष आहे आणि तुमचं भांडण काडतूसवाल्याशी आहे. असंही होतं.

घरी, शस्त्र रिकामं असल्याची दोनदा खात्री करून, आणखी एक गोष्ट पाहता येते. सिलिंडरवर अंगठा हलकेच टेकवून थोडा रोध द्या आणि घोडा अगदी सावकाश मागे चढवा. घोडा पूर्ण चढेपर्यंत सिलिंडर खटकन आपल्या खाचेत बसलं पाहिजे. घोडा चढला पण सिलिंडर अजून हाताने थोडं पुढे फिरवता येतंय, असं झालं तर फिरवणारा पंजा कमी पडतोय. सहाही घरांवर करून बघा. हे व्हिडिओत नीट दिसतं, म्हणून मोबाइलवर चित्रीकरण करून ठेवा, चित्रात शस्त्राचा क्रमांकही येऊ द्या. ते समाजमाध्यमांवर टाकू नका.

आता तक्रारीचं पत्र. लोक इथे स्वतःच वैद्य होतात: 'स्प्रिंग खराब आहे, बदलून द्यावी.' मग कारखान्यातले लोक स्प्रिंग तपासतात, ती मापात निघते, विषय संपला. रोगाचं नाव लिहू नका, लक्षण लिहा. असं काही: 'घोडा चढवून झाडलेल्या 12 पैकी 12 गोळ्या उडाल्या. थेट चाप ओढून झाडलेल्या 24 पैकी 5 उडाल्या नाहीत. त्या पाचही काडतुसांच्या टोप्यांवर खड्डा उथळ आहे, छायाचित्रे जोडली आहेत. काडतुसे दोन वेगळ्या लॉटची होती. कृपया चाप ओढून, प्रत्येक घरातून, चाचणी घ्यावी व तिचा निकाल लेखी द्यावा.' आकडे अर्थात तुमचे. शेवटच्या वाक्यातच पत्राचा जीव आहे, ते वगळू नका. अशा पत्रावर नुसतं 'ठीक आहे' लिहून सही करणं तपासनिसालाही जड जातं. पुढे आयोगात गेलात तर हेच पत्र तुमचा पहिला कागद.

न उडालेली काडतुसं शस्त्रासोबत पाठवू नका. छायाचित्रं पाठवा. ती काडतुसं कायद्याने अजून काडतुसंच आहेत, तुमच्या परवान्याच्या हिशेबात मोजली जातात. वेगळ्या पाकिटात, तारीख आणि घराचा आकडा लिहून, कुलपात ठेवा. कारखान्याने ती मागितली तर लेखी मागू द्या आणि दुकानदारामार्फतच जाऊ द्या.

शस्त्र जाणार कसं, हा भाग कंटाळवाणा आहे पण चुकला तर हमीपेक्षा मोठं लचांड. कुरिअरचा विचार सोडा. सुटे भागही कायद्याच्या व्याख्येत 'शस्त्र'च आहेत, तेव्हा 'नुसतं सिलिंडर पाठवतो' हेही नाही. सगळ्यात सरळ मार्ग परवानाधारक दुकानदाराचा. स्वतः जायचं असेल तर परवान्यावरचं क्षेत्र वाचा. आपल्याकडच्या कित्येक परवान्यांवर फक्त 'महाराष्ट्र राज्य' असतं आणि कारखाना असतो परराज्यात. अशा वेळी जिल्हाधिकारी कार्यालयाच्या गृह शाखेकडे, शहरात असाल तर पोलीस आयुक्तालयाकडे, कारण लिहून आधी परवानगी घ्या. कलम 3 मध्ये एक सोय आहे: परवानाधारकाच्या लेखी अधिकारपत्रावर दुसरा माणूस दुरुस्तीसाठी शस्त्र नेऊ शकतो. पण त्या कागदाने परवान्याचं क्षेत्र वाढत नाही, हे लोक विसरतात.

दुकानदाराकडून पावती घेताना 'रिव्हॉल्व्हर 1 नग मिळाले' एवढ्यावर भागवू नका. त्यावर त्याचा परवाना क्रमांक, तुमचा परवाना क्रमांक आणि यूआयएन (राष्ट्रीय डेटाबेसमधला तुमचा ओळख क्रमांक), शस्त्राचा क्रमांक, बाहेरून दिसणारी अवस्था, 'काडतुसे दिली नाहीत' हे शब्द आणि तारीख असू द्या. एक प्रत आपल्या पोलीस ठाण्यात पत्रासोबत देऊन पोच घ्या. शस्त्र कारखान्यात असताना निवडणूक लागली आणि शस्त्र जमा करण्याचा आदेश निघाला तर ठाण्यातला माणूस तुमच्या घरी येतो. तेव्हा ही पोच दाखवायची. परवान्याचं नूतनीकरण त्याच काळात येत असेल तर तेही थांबवू नका. शस्त्र हाताशी नाही म्हणून अर्ज करायचा राहिला आणि मुदत उलटली, मग दुरुस्त झालेलं शस्त्र दुकानदार तुमच्या हातात देऊच शकत नाही. मुदतीच्या दोन महिने आधी अर्ज टाका, पावती जोडा.

कारखाना सरकारी मालकीचा असेल तर तुमच्याकडे एक हत्यार आहे जे फारसं कुणी वापरत नाही: माहितीचा अधिकार. 1 ऑक्टोबर 2021 ला आयुध निर्माणी मंडळ बरखास्त होऊन सात सरकारी कंपन्या झाल्या; छोटी शस्त्रं कानपूरच्या ॲडव्हान्स्ड वेपन्स अँड इक्विपमेंट इंडिया लिमिटेडकडे आली, काडतुसं पुण्यात मुख्यालय असलेल्या म्युनिशन्स इंडियाकडे. कंपनी झाली तरी ती सरकारचीच, त्यामुळे 2005 चा कायदा लागू आहे. दहा रुपये शुल्क, तीस दिवसांत उत्तर. आपल्या शस्त्राचा क्रमांक देऊन मागा: कारखान्यातून बाहेर पडतानाचा चाचणी अहवाल, हमीत आल्यावर केलेल्या तपासणीच्या नोंदीची प्रत, किती गोळ्या कुठल्या पद्धतीने झाडल्या, आणि निकष काय. 'दोषी कोण' असले प्रश्न विचारू नका, कागद मागा. तपासणीची नोंदच नाही असं उत्तर आलं तर ते तुमच्यासाठी अहवालापेक्षा मोलाचं. खासगी कंपनीला हे लागू नाही, तिथे तोच मजकूर नोंदणीकृत पत्राने.

दुसऱ्या खेपेलाही तसंच परत आलं तर ग्राहक आयोग. ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 प्रमाणे तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच तक्रार दाखल करता येते, कारखान्याच्या गावी जावं लागत नाही. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. मुदत तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षं. तारखांचा घोळ नको म्हणून पहिल्या परतीची चिठ्ठी जपून ठेवा. दुकानदार आणि उत्पादक दोघांनाही पक्षकार करा, नाहीतर दोघं एकमेकांकडे बोट दाखवतात. दोष तपासणीशिवाय कळत नसेल तर वस्तू सीलबंद करून योग्य प्रयोगशाळेकडे पाठवण्याचा अधिकार आयोगाला आहे. शस्त्राच्या बाबतीत ते काम न्यायवैद्यक प्रयोगशाळेच्या शस्त्र विभागाच्या तोडीचं आहे, मुंबईत कलिन्याला तशी प्रयोगशाळा आहे. तपासणी लागत असेल तर कायद्याने पाच महिन्यांत निकाल अपेक्षित आहे. अपेक्षित म्हणजे अपेक्षित. वकील त्यापेक्षा जास्त धरायला सांगेल आणि त्याचं बरोबर असेल. माझं मत विचाराल तर आयोगाची तक्रार लिहून तयार ठेवा, तिचा मसुदा नोटीस म्हणून कारखान्याला पाठवा आणि तीस दिवस द्या. पुष्कळदा तिथेच काम होतं, कारण तोवर फाइल तपासनिसाच्या बाकावरून वरच्या साहेबाच्या टेबलावर गेलेली असते.

समजा त्यांनी मान्य केलं. तर मग एका गोष्टीवर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवा: क्रमांक. नळी, सिलिंडर किंवा सांगाडा बदलला तर नव्या भागावर कुठला क्रमांक आहे, तो जुन्याशी जुळतो का, बदल कुठल्या तारखेला झाला, हे कारखान्याच्या पत्रात आलं पाहिजे. पूर्ण नवं रिव्हॉल्व्हर देत असतील तर आनंदाने घरी आणू नका. कायद्याच्या नजरेत ते दुसरं शस्त्र आहे. आधी परवाना प्राधिकाऱ्याची मंजुरी, जुनं जमा केल्याचा कागद, परवान्यावर आणि राष्ट्रीय शस्त्र परवाना डेटाबेसमध्ये नव्या क्रमांकाची नोंद, आणि मगच ताबा. एका परवानाधारकाला 2019 पासून दोनच शस्त्रं ठेवता येतात, त्यामुळे दुसरं एखादं आधीच असेल तर जुन्याचा कागद न मिळाल्यास हिशेब तीनचा दिसतो. नुसतं पॉलिश किंवा नवा काळा मुलामा देऊन परत आलं तरी क्रमांक भिंगाने बघा. घासून पुसट झालेला क्रमांक पोलिसांना खोडलेल्या क्रमांकासारखाच दिसतो, आणि कलम 8 तिथे सुरू होतं.

परत आल्यावर दुकानातच पोच देताना 'चाचणी रेंजवर घेण्याच्या अधीन' हे शब्द हाताने लिहून सही करा. दुकानदार कुरकुरेल. लिहा. मग तीच वही, तेच आकडे, त्याच लॉटची उरलेली काडतुसं घेऊन रेंजवर जा. शस्त्राचे कारखान्यात जेवढे दिवस गेले तेवढे हमीत वाढवून मागणारं दोन ओळींचं पत्रही त्याच आठवड्यात टाका. छापील अटींत नसलं तरी मागायला हरकत नाही, आणि काही कंपन्या देतात.

या सगळ्यात जे रिव्हॉल्व्हर सहातल्या दोन वेळा दगा देतं ते उशाशी घेऊन झोपू नका. ते रिकामं करून कुलपात ठेवा आणि रखवालीची दुसरी सोय करा: दिवे, कुत्रं, माणूस, जे जमेल ते.

विकण्याबद्दल: विकता येतं. जिल्हादंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याला लेखी कळवून पंचेचाळीस दिवस थांबावं लागतं आणि घेणाऱ्याकडे परवाना लागतो. पण दोष माहीत असताना तो न सांगता विकलंत तर उद्या घेणाऱ्याच्या हातात सिलिंडर फुटलं की तुमचीच तक्रारीची पत्रं तुमच्याविरुद्ध पुरावा होतात. दोष सांगून विकलंत तर निम्मीसुद्धा किंमत येणार नाही. हमी अजून बाकी आहे असं तुमच्या कागदावरून दिसतंय. आधी रेंज, मग पत्र.